मुरूम लागेपर्यंत

आमच्या आईचं पंचांग वेगळं आहे. त्यात दोनच काळ, भूकंपाच्या आधीचा आणि नंतरचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, सव्वाचार वाजून गेल्यावर, तिकडे कोयनानगर हादरलं आणि इकडे सांगलीत गावभागातल्या आमच्या दोन खोल्यांत फळीवरची पितळी भांडी एकामागोमाग एक खाली आली. आईला सातवा महिना होता. आजीने तिला दंडाला धरून अंगणात आणलं आणि उजाडेपर्यंत दोघी एकाच घोंगडीत तुळशीपाशी बसून राहिल्या. "पोटातच हादरा खाल्लाय, म्हणून इंजिनिअर झाला," असं ती अजूनही आल्यागेल्याला सांगते. मग तो इंजिनिअर गुपचूप चहा आणायला आत जातो.

त्याच थंडीत टोकियोत एक हॉटेल पाडायचं काम चालू होतं. इंपिरियल हॉटेल. १९२३ च्या ज्या भूकंपात लाखाच्या वर माणसं गेली, त्या भूकंपातून हे उभं राहिलेलं. नोव्हेंबर १९६७ मध्ये ते बंद झालं आणि १९६८ सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते तोवर जागा मोकळी झाली होती. तिथली जमीन त्या दिवसांत हलत नव्हती. हलत होती ती आमची.

हे मला कळलं वीसेक वर्षांनी, विश्रामबागला वालचंद कॉलेजात, पायाभरणीच्या तासाला. आमचे सर काळ्या मातीवर बोलत होते. सांगलीच्या पोराला काळी माती काय शिकवायची? उन्हाळ्यात शेतात पाय आत जाईल एवढ्या भेगा, आणि पावसाळ्यात तीच माती चप्पल ओढून घेते. सर म्हणायचे, काळ्या मातीवर घर बांधणं म्हणजे म्हशीच्या पाठीवर बिऱ्हाड थाटणं. ती श्वास घेणार, तुमच्या भिंती तडकणार. यावर आमच्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा इलाज एकच, मुरूम लागेपर्यंत खणायचं. मातीवर विश्वास ठेवायचा नाही.

"आणि मुरूम लागलाच नाही तर?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. सरांनी खडू उचलला आणि फळ्यावर टोकियो काढलं.

वर सात-आठ फूट बरी माती. तिच्याखाली साठ-सत्तर फूट चिखल, कारण मुळात ती खाडी बुजवून केलेली जमीन. फ्रँक लॉइड राइट नावाच्या अमेरिकन वास्तुरचनाकाराने इथे हॉटेल बांधायला घेतलं तेव्हा त्याने खोल जायचा नाद सोडला. त्या वरच्या थरातच, वांग्याची रोपं लावावीत तसे दोन-दोन फुटांवर, काँक्रीटचे आखूड खुंट ओतले आणि त्यांवर सगळा डोलारा ठेवला. पाण्यात जहाज तरंगतं तसं चिखलात हॉटेल तरंगेल, धक्का आला तर हलेल आणि पुन्हा थाऱ्यावर येईल, हा त्याचा हिशेब. इमारत एकसंध न ठेवता तुकड्यांत बांधली, मध्ये सांधे सोडले. मजल्यांचा भार मधल्या आधारावर तोलला. वेटर पाच बोटांवर ताट तोलतो तसा, ही राइटचीच उपमा. जपानी घरांची जड कौलं भूकंपात डोक्यावर येतात म्हणून छपराला तांब्याचा पत्रा. नळ भिंतीत न पुरता मोकळे सोडले, म्हणजे हादऱ्यात तुटायला नकोत.

सरांनी हे सगळं एका तासात बसवलं आणि घंटा झाल्यावर, डस्टर हातात घेता घेता, म्हणाले, "पाडलं ते. सदुसष्ट-अडुसष्टला." कशाने, ते त्यांनी सांगितलं नाही. पुढचा तास गणिताचा होता.

मी ते का पाडलं हे शोधायला बरीच वर्षं घेतली. इंटरनेट आल्यावर एका रात्रीत कळलं असतं, पण तोवर माझं ऑफिस थाटलं गेलं होतं, घरांचे नकाशे आणि महापालिकेचे हेलपाटे यात दिवस जायचे. जे तुकड्यातुकड्याने समजलं ते असं.

पहिलं इंपिरियल हॉटेल १८९० सालचं. जपानने नुकतीच जगाला दारं उघडली होती आणि परदेशी पाहुण्यांना उतरवायला युरोपी थाटाचं काहीतरी राजवाड्याजवळ हवं होतं. पंचवीस-तीस वर्षांत ते अपुरं पडू लागलं. मॅनेजर हायाशी आइसाकू आधी न्यूयॉर्कमध्ये जपानी कलावस्तूंच्या व्यापारात होता आणि राइटला जपानी छापचित्रांचं वेड. या दोघांचं जमलं. १९१६ साली करार झाला. मग राइट टोकियोत ठाण मांडून बसला आणि कंत्राटदारापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना त्याने घाम फोडला. उत्सुनोमियाजवळच्या ओया गावचा दगड त्याला हवा होता. ज्वालामुखीच्या राखेचा, मऊ, हलका, चाकूने कोरता येईल असा. जपानी लोक तो दगड कुंपणाला आणि गोदामांना वापरायचे. आमच्याकडे कुणी वाडा बांधायला निघावं आणि शेणाच्या गोवऱ्या रचायला निघालोय असं सांगावं, तसलं काहीतरी संचालकांना वाटलं असणार. खर्च अंदाजपत्रकाच्या पार पुढे गेला. एप्रिल १९२२ मध्ये जुनं हॉटेल जळून खाक झालं. हायाशीला जावं लागलं आणि जुलैत राइटही काम पुरं व्हायच्या आत परतला. उरलेलं एंडो अराता या त्याच्या जपानी शिष्याने उभं केलं. आधी टोकियोत राइटच्या हाताखाली असलेला अँटोनिन रेमंड पुढे भारतात आला आणि पुदुच्चेरीच्या अरविंद आश्रमाचं गोलकोंड हे वसतिगृह त्याने आखलं. ते मात्र आजही उभं आहे, नांदतं आहे.

उद्घाटनाचा दिवस ठरला १ सप्टेंबर १९२३. दुपारच्या जेवणाची तयारी चालली होती. अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी भूकंप झाला.

गावभर चुली पेटलेल्या होत्या, म्हणून हादऱ्यापेक्षा आगीने जास्त माणसं गेली. हॉटेलच्या पुढ्यात पाण्याचा मोठा हौद होता. खर्च वाचवायला तो गाळा असं संचालकांचं म्हणणं होतं, राइटने तो हट्टाने ठेवला होता. नळ बंद पडले तेव्हा त्याच हौदाच्या पाण्याने आग अडवली. पुढे ओकुरा या संचालकांच्या नावाने राइटला तार आल्याचं सांगतात, हॉटेल शाबूत आहे, तुमच्या प्रतिभेचं स्मारक म्हणून उभं आहे, अशी. राइटने ती तार जन्मभर मिरवली. तारेबद्दल शंका घेणारेही आहेत. खरं म्हणजे टोकियोत त्या दिवशी इतरही पक्क्या इमारती टिकल्या होत्या आणि याचा मधला भाग खचला होता. तरंगता पाया तरंगण्याऐवजी हळूहळू बुडतच राहिला. काही ठिकाणी दोन फुटांच्याही खाली गेला. पण उभं राहिलं, हे कोण नाकारणार? १९४५ च्या बॉम्बवर्षावात एक भाग जळला तरी उभं राहिलं. मग अमेरिकन सैन्याचे अधिकारी तिथे राहून गेले.

आता सांगलीतल्या आमच्या ग्रँड हॉटेलकडे, म्हणजे एका जुन्या लॉजकडे येतो. "ग्रँड" म्हणावं असं सांगलीत काय असणार, असं पुण्यातले पाव्हणे विचारतात. मारुती चौकापासून हाकेच्या अंतरावर, तळमजला अधिक दोन, अठरा खोल्या, मधोमध चौक. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ ला झाला, त्यानंतर पाच-सहा वर्षांत हे बांधलं असं अण्णा सांगायचे. अण्णा म्हणजे मालक. जिना अख्खा सागवानी, मधोमध झिजून पायऱ्यांना परातीसारखा खोलगा पडलेला. वरच्या गॅलरीला लोखंडी नक्षीचा कठडा, छपराला मंगळुरी कौलं. हळदीच्या सौद्याला बाहेरगावचे व्यापारी यायचे ते इथे उतरायचे. माझे वडील एका पेढीवर दिवाणजी होते. शाळा सुटल्यावर मी त्यांच्यासोबत व्यापाऱ्यांच्या सह्या घ्यायला त्या जिन्याने वर जायचो. सगळ्या लॉजला हळदीचा वास. गाद्यांनासुद्धा. धुवायला दिलेल्या चादरी वाळत घातल्या की त्यांत एखादी पिवळी झाक असायचीच.

भावे नाट्यमंदिरात प्रयोग असला की नाटकवाले उतरायचे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सीतास्वयंवर इथे केलं, त्यामुळे सांगलीकर नाटकवाल्यांना जावयासारखं वागवतो. अण्णाही वागवायचे. रात्री दोन वाजता प्रयोग संपवून आलेल्या मंडळींना पिठलं-भात तयार असायचा. सकाळी गॅलरीत लुंगी आणि बनियनवर दात घासणारा माणूस रात्री दरबारात तलवार उपसून उभा होता, हे आम्हा पोरांना पचायचं नाही. मी एकदा एकाला विचारलं, "तलवार कुठाय?" त्याने तोंडातला फेस न थुंकता ब्रशच माझ्यावर रोखला.

कोयनेच्या भूकंपात या लॉजची एक काच फुटली नाही, हे अण्णांचं पालुपद. पूर मात्र चुकले नाहीत. सांगलीत पावसाळ्यात माणूस माणसाला "बरं आहे का" विचारत नाही, "आयर्विनला किती?" विचारतो. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २००५ ला लॉजच्या ऑफिसात पाणी आलं. २०१९ ला पुलाजवळ पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि तळमजला आठवडाभर पाण्यात होता. २०२१ ला पुन्हा. प्रत्येक वेळी अण्णांनी ऑफिसच्या भिंतीवर ऑइलपेंटने आडवी रेघ मारून साल लिहिलं. घरात पोरांची उंची लिहितात तसं.

२०२१ च्या पुरानंतर अण्णा थकले. मूलबाळ नव्हतं. दोन पुतणे, दोघेही पुण्यात, दोघेही सज्जन. खोटं कशाला बोलू, ते लोभी नव्हते. त्यांनी कागदावर आकडे मांडले. अठरा खोल्यांपैकी चालू अकरा, भाडं अमुक, दर पुराला दुरुस्ती तमुक. जागा मोक्याची. खाली गाळे, वर फ्लॅट, पार्किंग सोडून एवढा एफएसआय. त्यांना एक अहवाल हवा होता, इमारत राहण्याजोगी नाही असा. त्यासाठी ते माझ्याकडे आले.

मी रीतसर काम केलं. ओळंबा सोडून भिंती पाहिल्या. मागच्या भिंतीला दोन तडे होते, एक खिडकीच्या कोपऱ्यातून निघून वर गेलेला. तडा जिवंत आहे की मेलेला हे पाहायची जुनी रीत आहे. तड्यावर आडवी पातळ काचपट्टी ठेवायची, दोन्ही टोकांना प्लास्टरचे गोळे, वर तारीख. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते. मी सहा पट्ट्या लावल्या. अख्खा पावसाळा गेला, काळी माती फुगली, मग हिवाळा आला, उन्हाळ्यात ती पुन्हा आकसली. दर महिन्याला मी टॉर्च घेऊन जायचो. सहाच्या सहा काचा शाबूत. एका पट्टीच्या आडोशाला कोळ्याने जाळं विणलं होतं, तेसुद्धा जागेवर.

तडे मेलेले होते. भूकंपातले नव्हेत तर पुरातले असतील, कधीतरी पडले आणि थांबले.

पाया पाहायला खड्डा घ्यायला हवा होता. भिंतीला लागून खणायचं, दगड किती खोल गेलाय ते बघायचं. पण त्या जागी एका दुकानदाराचं सामान होतं, तो हलवायला तयार नव्हता, पुतण्यांना घाई होती, आणि मलाही दुसरी दोन कामं होती. मी अनुभवावरून धरून चाललो की त्या काळच्या बांधकामाचा पाया पाच-सहा फुटांच्या खाली नसणार. अहवालात काचपट्ट्यांबद्दल एक ओळ लिहिली, ‘निरीक्षणकाळात हालचाल आढळली नाही’. आणि तिच्याखाली पुढची ओळ. "पाया अपुऱ्या खोलीचा असण्याची शक्यता नाकारता येत नाही, वारंवारच्या पुराची पार्श्वभूमी पाहता दुरुस्ती आर्थिकदृष्ट्या परवडणारी नाही."

यातला एकही शब्द खोटा नाही. मी ते वाक्य चार वेळा वाचून पाहिलं होतं.

अण्णांनी अहवाल वाचला नाही. आरामखुर्चीत बसूनच म्हणाले, "तू दिवाणजींचा मुलगा. तू लिहिलंस म्हणजे बरोबरच असणार." मग चहा मागवला. कपबशीत, आधीसारखाच.

इंपिरियलचंही असंच झालं. भूकंप, बॉम्ब, चिखल यांतून वाचलेलं हॉटेल कागदावर गेलं. पसरट, बुटकी इमारत, दगड झिजत चाललेला, पाया खचत चाललेला, आणि अडीचशे-पावणेतीनशे खोल्या एवढी मोठी जागा अडवून बसलेल्या. टोकियोत इमारतींना ३१ मीटरच्या उंचीची जुनी मर्यादा होती, ती १९६३ पासून उठायला लागली. त्या जागेवर किती मजले चढू शकतात हे मग कुणालाही मोजता येऊ लागलं. राइट १९५९ ला वारला होता. त्याची बायको ओल्गिवाना टोकियोला जाऊन विनवण्या करून आली. जगभरातून पत्रं गेली. १९७० मध्ये तिथे सतरा मजली इंपिरियल उभं राहिलं. आता त्या सतरा मजल्यांचाही नंबर लागलाय. मालकांनी २०२१ मध्येच जाहीर केलं, तेही पाडून नवं बांधणार.

पण दरवाजा वाचला. नुसता दरवाजा म्हणजे पुढचा हौद आणि प्रवेशाचा दिवाणखाना. तो उचलून नागोयाजवळ इनुयामाला, मेइजी-मुरा नावाच्या जुन्या इमारतींच्या बागेत, पुन्हा रचला. सगळं आतून-बाहेरून पुरं व्हायला १९८५ उजाडलं. म्हणजे आमच्या सरांनी फळ्यावर हॉटेल काढलं तेव्हा ते नुकतंच पुन्हा उभं राहिलं होतं. सरांना ठाऊक नसावं.

माझी मुलगी नागोयाला नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं तिच्याकडे गेलो तेव्हा मी पहिल्याच रविवारी इनुयामाचा हट्ट धरला. ट्रेन, मग बस, मग चालणं. बायको म्हणाली, सांगलीत दिवसभर पडक्या इमारती बघता ते पुरत नाही का?

आत शिरताना छत एवढं खाली की हात वर केला तर लागेल असं वाटतं. चार पावलं टाकली की तेच छत एकदम तीन मजले वर जातं. विटांच्या खांबांना जाळ्या आणि जाळ्यांच्या आत दिवे. माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. मी मात्र दगड बघत होतो. ओयाच्या दगडात मातकट रंगाचे मऊ गोळे असतात, जपानी लोक त्यांना मिसो म्हणतात. पावसापाण्याने ते गळून पडतात आणि दगडाला भोकं पडतात, अगदी आंबोळीसारखी जाळी. मूळ दगड इतका झिजला होता की इथे बऱ्याच ठिकाणी नवं साहित्य घालावं लागलंय. कुठलं जुनं, कुठलं नवं, ते नखाने हळूच टोकरून बघायचा मोह झाला. तेवढ्यात रखवालदार बाई लवून काहीतरी बोलल्या. भाषा येत नव्हती, पण अर्थ कळला.

वरच्या मजल्यावर चहाची खोली आहे. तिथे बसून मी मुलीला विचारलं, खालचा पाया कसा घातलाय रे इथे, तरंगता की नेहमीचा? ती म्हणाली, "बाबा, चहा प्या."

आम्ही परतलो त्या आठवड्यात लॉजचं पाडकाम सुरू झालं. जिना आधी गेला. जुनं सागवान घेणारे आले, दोन दिवसांत पायऱ्या, तुळया, चौकटी टेम्पोत भरून घेऊन गेले. कौलं कुणी शेतातल्या गोठ्यासाठी नेली. भिंती जेसीबीने सहज आल्या. ऑफिसची भिंत पडताना सालांच्या रेघा तिरक्या झालेल्या मी पाहिल्या. काचपट्ट्यांपैकी एक मी आधीच काढून आणली होती, ती माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. तारखेसकट. अण्णा आले नाहीत. ते पुण्याला पुतण्याकडे होते.

चौथ्या दिवशी साइटवरून फोन आला. नव्या इमारतीच्या कॉलमसाठी खड्डे घ्यायचे होते आणि पाया आड येत होता. जाऊन पाहिलं. सहा फूट खणून झालं होतं, दगड तसाच खाली गेलेला. आठ फूट. काळ्या दगडाचे मोठे चिरे, एकाला एक बसवलेले, चुन्याच्या मसाल्यात, खाली खाली रुंद होत गेलेले. दहा फूट. मशीनवाला पोरगा कवठेपिरानचा, घामाने निथळत होता. बकेटचा एक दात तुटला होता.

"सायेब, हे निघंना की वो."

"अजून खण."

चौदा फुटांवर चिऱ्यांचा शेवटचा थर लागला. त्याच्याखाली पिवळसर, घट्ट मुरूम. मी खाली उतरलो, बोटाने खरवडून पाहिलं. नख आत जाईना.

पोरगं वरून वाकून बघत होतं. "कुणी घातला असंल वो ह्यो पाया?"

मी वर आलो, पँटची माती झटकली आणि त्याला म्हटलं, ब्रेकर मागव. तीन दिवस लागले.